अव्या, सुन्याला तूच सांग

नाशिक, गंगापूर रोड
६ डिसेंबर

प्रिय अव्या,

दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा "उद्या करतो" म्हणालो होतो, तो उद्या अजून उगवायचाय. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक. शुगर आहे तिथेच आहे, गुडघा जिना चढताना बोलतो, बाकी काही नाही.

पत्र सुन्यासाठी लिहितोय. त्याच्या लिव्हरमध्ये गाठ निघाली आहे. उजवीकडे खालच्या कडेला, सहाव्या सेगमेंटमध्ये, ४.६ सेंटिमीटर, निम्मी लिव्हरच्या बाहेर आलेली. कॅन्सर नाही, निदान आज तरी नाही. आणि घोळ नेमका इथेच झालाय. कुणीतरी त्याला "साधी गाठ आहे" म्हणालं, आणि त्यानं "गाठ" सोडून "साधी" तेवढं उचललं. मी ऑपरेशन म्हणालो की त्याचं एकच पालुपद, "माल निघाल्यावर बघू." माल म्हणजे बागेतली द्राक्षं, म्हणजे मार्चअखेर. छाटणी ऑक्टोबरात झाली, घड आता कुठे धरतायत.

तुला सांगू का म्हणून विचारलं, तर म्हणाला, "सांग, तो काय दिंडोरीला येऊन माझं पोट फाडणारे?" म्हणजे परवानगी आहे. त्या माणसाला आजवर दोघांनीच गप्प केलंय, एक अण्णा आणि एक तू. अण्णा नाहीत. माझं तो ऐकत नाही, कारण फर्स्ट इयरला मी त्याला अपेंडिक्स सांगितलं होतं आणि निघाली होती जांभळं. तीस वर्षं झाली, अजून तेच काढतो.

तर तुला सगळं नीट सांगतो. अर्धवट माहितीवर फोन केलास तर तो तुलाही गुंडाळेल.

मुतखड्याची कळ आली म्हणून सोनोग्राफी झाली. रिपोर्टात लिव्हरमध्ये काळपट गाठ, "हिमँजिओमा असावा, सहा महिन्यांनी पुन्हा." लिहिणाऱ्याला मी फार दोष देणार नाही. हिमँजिओमा म्हणजे रक्तवाहिन्यांचा गुंता, लिव्हरमधली सगळ्यात जास्त आढळणारी साधी गाठ. सोनोग्राफीत ती एरवी पांढरीशुभ्र, कडा रेखीव. पण लिव्हरच चरबीनं पांढरं झालेलं असेल तर तीच गाठ त्याच्यासमोर काळी दिसते. सुन्याचं लिव्हर ग्रेड दोन फॅटी, म्हणून तो अंदाज अगदीच वेडा नव्हता. फक्त अंदाजावर थांबायचं नसतं.

मग सीटी झाला, तो वाया गेला. लिव्हरच्या गाठीचं सगळं गुपित तिच्यात औषध कधी शिरतं आणि कधी बाहेर पडतं यात असतं. कोपराच्या शिरेतून सेकंदाला ३-४ मिलीच्या वेगानं औषध सोडायचं, ३५ सेकंदांच्या आसपास पहिला स्कॅन, ७० सेकंदांना दुसरा, तीन ते पाच मिनिटांनी तिसरा. हिमँजिओमा असेल तर आधी कडेकडेनं ठिपके पेटतात आणि मग हळूहळू आत भरत जातात. सुन्याचा फक्त ७० सेकंदांचा एकच स्कॅन केला होता. त्या वेळेला त्याच्यासारखी गाठ जवळजवळ लिव्हरच्याच रंगात मिसळून जाते. पैसे गेले, रेडिएशन मिळालं, कळलं काहीच नाही. चिठ्ठीवर नुसतं "कॉन्ट्रास्ट सीटी" होतं, "ट्रिपल फेज" हे दोन शब्द कुणी लिहिले नव्हते.

माझी ट्यूब पेटली ती त्याच्या हिमोग्लोबिनवरून. १८.१! द्राक्षवाल्या माणसाचं, पन्नाशीला टेकलेल्याचं? एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, २२. पाठीवर कॉलेजातल्या पोरासारखे फोड. मी म्हटलं, सुन्या, जिममध्ये काय टोचून घेतोस? आधी "प्रोटीन पावडर" म्हणाला. मग "व्हिटॅमिन". शेवटी कबूल झाला: दोन वर्षांत दहा-दहा आठवड्यांचे दोन कोर्स, टेस्टोस्टेरॉन आणि नँड्रोलोन या स्टेरॉइडच्या सुया, बिल नाही, पावती नाही. त्याचे ते दंडाचे फोटो आठवतात ना, ग्रुपवर टाकून आपल्याला छळायचा? त्या दंडांचा हिशेब लिव्हरनं मांडून ठेवलाय.

या गाठीचं नाव ॲडेनोमा, लिव्हरच्याच पेशींची वाढ. बहुतेक वेळा बायकांमध्ये सापडते, गर्भनिरोधक गोळ्या बरीच वर्षं घेतलेल्या असतात. पुरुषांत क्वचित, आणि तिथे स्टेरॉइडच्या सुया हे ठरलेलं कारण. सुन्याला हे समजवायला डॉक्टर लागत नाही रे. घड जीएच्या, म्हणजे वाढीच्या हार्मोनच्या, द्रावणात बुडवला की मणी फुगतो हे तो मला गेली वीस वर्षं शिकवतोय. त्यालाच विचार, हार्मोन दिल्यावर मणी फुगतो तर गाठ का फुगू नये?

एमआरआय मी उभा राहून करवून घेतला. लिव्हरच्या पेशी शोषून घेतात असं एक औषध आहे, गॅडॉक्झेटेट. किलोमागे ०.१ मिली, सुन्या ९२ किलोचा म्हणजे ९.२ मिली. त्याची खोड अशी की आत गेल्या गेल्या काही जणांचा श्वास चुकतो आणि पहिल्या फेजचं चित्र हलतं. सुन्याचाही चुकला. लागोपाठ तीन चित्रं घ्यायला सांगितली होती म्हणून तिसरं वाचलं. तिथे गाठ झगझगीत. मग वीस मिनिटं थांबायचं. तोवर निरोगी लिव्हर औषध पिऊन उजळतं. गाठ उजळली तर बहुतेक एफएनएच, म्हणजे जन्मतःच वेडीवाकडी असलेल्या धमनीभोवती वाढलेला गोळा, मध्ये व्रणासारखा तारा. ती निघाली असती तर मी तुला पत्रच लिहिलं नसतं, तिला हात लावायचा नसतो. सुन्याची गाठ काळी राहिली.

मला खरी धास्ती बसली ती वेगळ्याच चित्रानं. एमआरआयच्या टी-वन नावाच्या चित्रात गाठीत एक पांढरा चट्टा आहे, बोराएवढा. पांढरं म्हणजे चरबी किंवा जुनं रक्त. चरबीचा सिग्नल दाबून तेच चित्र पुन्हा घेतलं. चरबी असती तर काळी पडली असती. चट्टा तसाच राहिला. म्हणजे गाठीत आत एकदा रक्त सांडून गेलंय आणि या बाबाला पत्ता नाही. विचारल्यावर म्हणाला, "गणपतीत दोन दिवस उजवीकडे दुखत होतं, मिसळ बाधली वाटलं." मिसळीवर खापर!

म्हणून त्याला सांगायचं ते हे. बाईची ॲडेनोमा ५ सेंटिमीटरच्या आत असेल तर गोळ्या बंद, वजन कमी, सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय, एवढ्यावर भागतं. पुष्कळदा गाठ आकसते. ५ च्या वर राहिली किंवा व्यासानं पाचव्या हिश्श्याहून वाढली तरच काढायची. पुरुषाची मात्र आकार न बघता काढायची. युरोपातल्या लिव्हरतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना हेच सांगतात. कारण पुरुषांत बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन बिघडलेला प्रकार जास्त सापडतो आणि कॅन्सरकडे वळतो तो हाच. एमआरआय बाकी प्रकार बऱ्यापैकी ओळखतो, हा एक भरवशाचा ओळखू येत नाही. तो म्हणेल, "माझा एएफपी तीन आला, नॉर्मल आहे." एएफपी म्हणजे लिव्हरच्या कॅन्सरसाठी बघतात ती रक्ततपासणी. आहे नॉर्मल, पण नॉर्मल एएफपीनं काहीच सुटत नाही.

दुसरा फाटा फोडेल बायोप्सीचा, "आधी सुईनं तपासू." सुईचा तुकडा गाठीच्या एका कोपऱ्यातला, बाकीची गाठ काय म्हणते ते कळत नाही, आणि रक्तानं भरलेल्या गाठीला टोचायचं म्हणजे रक्तस्राव अंगावर घेणं. शिवाय उत्तर काहीही आलं तरी गाठ निघणारच. मग टोचायची कशाला? अख्खी काढायची आणि पॅथॉलॉजिस्टला द्यायची. सुया बंद केल्यावर आकसेल कदाचित, हे खरं. पण रक्त सांडून गेलेल्या गाठीसाठी मार्चपर्यंत मी तरी थांबणार नाही. पानावर डावणी रोगाचा एक डाग दिसला तर हा माणूस रात्री दोनला फवारणीला उतरतो, अव्या!

ऑपरेशनला तो घाबरलाय, कबूल करत नाही. सांग त्याला की गाठ कडेला आहे, म्हणून दुर्बिणीतून जमण्यासारखी आहे. आत गेल्यावर लिव्हरवरच सोनोग्राफीचा प्रोब ठेवून कापायची रेघ ठरवतात. लिव्हरकडे येणारा रक्तपुरवठा पंधरा मिनिटं चिमटतात, पाच मिनिटं सोडतात, असं आलटून पालटून. भूलतज्ज्ञ शिरांमधला दाब मुद्दाम खाली ठेवतो, म्हणजे कापताना रक्त कमी जातं. निरोगी लिव्हरचा ७० टक्क्यांपर्यंतचा भाग काढला तरी उरलेलं वाढून भरून येतं, त्याचा तर एक कोपरा जाणार आहे. सगळं सुरळीत झालं तर चार-सहा दिवसांत घरी. बिघडतं काय, तर रक्तस्राव आणि पित्त गळणं. पित्त गळत असेल तर ऑपरेशननंतर पोटात ठेवलेल्या नळीतल्या पाण्यातलं बिलिरुबिन (पित्तातला पिवळा रंग) रक्तातल्याच्या तिप्पट किंवा जास्त येतं, तिसऱ्या दिवसापासून ते बघतात. बहुतेक वेळा नळी काही दिवस जास्त ठेवून भागतं. हिमोग्लोबिन एवढं चढलेलं असल्यानं रक्ताच्या गुठळ्यांचं मात्र सर्जनला आणि भूलतज्ज्ञाला आधीच सांगायला हवं. सुयांची गोष्ट तिथे लपवायची नाही. बायकोसमोर सांगायची लाज वाटत असेल तर तिला बाहेर बसव म्हणावं.

आणि फॅटी लिव्हर ठिसूळ असतं, कापताना जास्त वाहतं. आधी दोन-तीन आठवडे खाणं निम्म्यावर आणलं तर चरबी उतरते. यावर बहुतेक भांडेल तो, गाठीपेक्षा जास्त.

वहिनींची वेगळीच तऱ्हा. सुन्याचं कळल्यावर घरातल्या सगळ्यांची सोनोग्राफी झाली आणि वहिनींच्या लिव्हरमध्ये निघाला खराखुरा हिमँजिओमा, २.८ सेंटिमीटर, पुस्तकात छापावा इतका देखणा. काही करायचं नाही. निरोगी लिव्हरमध्ये ३ च्या आतला असा पांढरा ठिपका दिसला की सोनोग्राफीवरच विषय संपतो. तो कॅन्सर होत नाही, एवढासा असताना फुटत नाही. वहिनी मात्र रडून हैराण, "माझीही काढून टाका." मग सुन्यासारखाच महागडा एमआरआय हवा म्हणून हट्ट. मी नाही म्हटलं. त्याच औषधानं हिमँजिओमा तिसऱ्या मिनिटाला उगाच काळा दिसतो, कारण भोवतालचं लिव्हर उजळत असतं, आणि नवखा डोळा दचकतो. आता त्या रोज सकाळी गुळवेलीचा काढा घेतायत. तो आधी बंद करायला लाव. गुळवेलीनं लिव्हरला सूज आलेले सहा रुग्ण २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलेत. गाठीनं काही बिघडणार नाही, काढ्यानं बिघडेल. थोडक्यात, जिला काही नको ती ऑपरेशन मागतेय आणि ज्याला हवंय तो थिनिंगच्या, म्हणजे घड विरळ करणाऱ्या, बायका मोजतोय.

फोन रात्री आठनंतर कर, दिवसा तो बागेत असतो आणि बागेत तो कुणाचाच नसतो. कॅन्सर शब्दानं सुरुवात करू नकोस, फोन ठेवून देईल. रक्त सांडलंय तिथून सुरू कर. सुया बंद केल्यात का ते थेट विचार. "हो" म्हणाला तर शेवटची कधी ते विचार, तिथे अडखळेल. एकदम बंद केल्यावर महिनेच्या महिने गळून गेल्यासारखं वाटतं, चिडचिड होते, त्यासाठी हार्मोनच्या डॉक्टरला दाखवायचं, पुन्हा सुई घ्यायची नाही. जिममध्ये वजनं नाहीत. दुखलं म्हणून कुणाकडून पोट चोळून घ्यायचं नाही. आणि हे लिहूनच घे म्हणावं: उजवीकडे एकदम कळ, उजव्या खांद्यात दुखणं, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काही झालं तर गावातल्या दवाखान्यात सलाइन लावत बसायचं नाही. पंचवीस-एक किलोमीटरवर नाशिक आहे, थेट यायचं, जिथे रक्तपेढी आहे आणि मांडीच्या धमनीतून नळी घालून वाहणारी शीर बंद करणारा माणूस आहे अशा ठिकाणी. आधी वाहणं थांबवतात, गाठ नंतर शांतपणे काढतात. रात्री दोनला असलं तरी मला उठवायचं.

नाशकातच करायचं की मुंबईला, हा त्याचा प्रश्न. नुसतं नाव ऐकून जायचं नाही. वर्षाला लिव्हरची किती ऑपरेशनं करता, त्यातली दुर्बिणीनं किती, हे तोंडावर विचारायचं. औषध दुकानदाराला भावावरून घाम फोडतो, इथे कसला संकोच?

तुझ्या निनादचं जमलं म्हणे! मुलगी सांगलीची ना? छान. तारीख कळव, येतो. तुझी बदली थांबली का? आणि लुनाच्या साडेतीनशे रुपयांचा विषय लग्नात काढायचा नाही, पेट्रोल मीच भरलं होतं.

सर्जनची वेळ मी घेऊन ठेवलीय, बारा तारखेची, सकाळी अकरा. सुन्याला अजून सांगितलेलं नाही, ते तू सांग. येताना एमआरआयची सीडी आणायला लाव. फिल्म नको, सीडी. फिल्मवर तो चट्टा दिसत नाही.

तुझा,
नंदू

ता. क. "व्यापारी यायचाय" म्हणेल. व्यापारी फेब्रुवारीच्या आधी येत नाही, मी त्याच्या पुतण्याला विचारून घेतलंय.