सुहासला पत्र : घर पाडलं नाही

आंजर्ले,
१८ मे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "घराचं शेवटी केलंस काय?" आणि मी "पत्र लिहितो" म्हणून ठेवून दिला. रागावला असशील. पण फोनवर वाद घालण्यात तू कायम जिंकतोस, म्हणून ही वाट.

पाडलं नाही. स्लॅबही घातली नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळाने अर्धी कौलं उडवली, आगरातल्या पोफळी झोपल्या, तेव्हा तू म्हणालास, "स्लॅब टाक, सुटशील." आळीतले सगळे तेच सांगत होते. मीही अंदाजपत्रक करून घेतलं. मग एका ओळखीच्याचं स्लॅबचं घर बघायला गेलो. खाऱ्या हवेने आतली सळई गंजून फुगलेली, छताचे पोपडे खाली आलेले आणि गळतंय म्हणून स्लॅबवर परत पत्र्याची शेड. छपराला छप्पर! तिथूनच माघारी फिरलो. पुढे चुलतभावांच्या संमतीत दोन पावसाळे ताडपत्रीखाली गेले, ते पुराण भेटीत सांगेन.

कौलं उतरवताना एक गंमत झाली. एकाच्या पाठीवर बासेल मिशनचा शिक्का आणि १८६५ साल. आमचे दादा लगेच गावभर सांगत सुटले, घर १८६५ चं! अरे, ते बासेल मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना निघाला ते साल. पण दादांना कोण समजावणार?

वासे बरेचसे वाळवीने पोखरलेले निघाले, ते बदलले. आढं मात्र फणसाचं, ठोकलं तर अजून खणखणीत. चिऱ्याच्या भिंतींनाही काही झालं नव्हतं. खरा प्रश्न होता अंधाराचा. तुला माजघर आठवतं ना? भर दुपारी दिवा लावायला लागायचा. आजी तांदूळ निवडायला उंबऱ्याशी येऊन बसायची, कारण उजेड तिथवरच यायचा. मला तो अंधार घालवायचाच होता. डोक्यात मोठमोठ्या काचा होत्या. सुतारकाकांनी माझं चित्र बघितलं आणि विचारलं, "उजेड हवाय का उकाडा?" त्यांच्या सांगण्यावरून माजघरावर सहा आणि स्वयंपाकघरावर चार काचेची कौलं बसवली, तीही उत्तरेच्या उतारावर. बस, एवढंच. आता सकाळी माजघरात पेपर वाचता येतो. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधली कुडाची भिंत काढली, तिचाही हातभार लागला.

पण पश्चिमेला मात्र मी कुणाचं ऐकलं नाही. तिकडची पडवी काढून तिथे सहा फुटी काचेची खिडकी केली, समुद्राच्या वाऱ्यासाठी. मृगाचा पहिलाच पाऊस आडवा आला नि काचेच्या फटींतून थेट पलंगावर. नैऋत्येचा वारा आत येऊ नये म्हणूनच जुन्या माणसांनी पडवी घातली होती, हे भिजलेली गादी उन्हात टाकताना कळलं. ती परत बांधली. खिडकी आहे, पण पडवीच्या आत. उजेड थोडा कमी झाला, पण झोप लागते.

दुसरी चूक सिमेंटच्या गिलाव्याची. ओल आत कोंडली, एका पावसाळ्यात भिंतींना लोणा लागला, हात लावला की रंगाची पापडी हातात यायची. सगळं खरवडून चुन्याचा गिलावा केला आणि वर पांढरी सफेदी. पैसे दोनदा गेले. घर उजळलं ते खरं तर या सफेदीने, काचांनी नव्हे, असं ही म्हणते. तिचं बरोबरच असावं.

आता जमिनीवरून वाद चालू आहे. हिला पांढऱ्या चकचकीत फरशा हव्यात, मला लाल कोबा. आपण दुपारी त्यावर उघडे पडायचो तसला. तू माझ्या बाजूने बोलशील असं धरून चाललोय.

मृगाच्या आधी ये. येताना चोरबाजारात डोकावून जुन्या पितळी बिजागऱ्या मिळाल्या तर आण, चार इंची, आठ जोड्या. लोखंडाच्या इथे दोन पावसाळेसुद्धा काढत नाहीत. नवीन पॉलिश केलेल्या नकोत, आणि दुकानदार सांगेल त्याच्या निम्म्यावर घे. पैसे इथे आल्यावर देईन. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनंत