रात्री तीनला जाग येते आणि गोळी मागायला माझ्याकडे येतात

मा. संपादक साहेब,

नमस्कार. मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत झोपेवर अख्खं पान आलं होतं. वाचलं, चांगलं होतं, मोबाईल बेडरूमच्या बाहेर ठेवा, संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको, खोलीत अंधार करा, कोमट दूध घ्या, सगळं बरोबर आहे, पण पूर्ण पानात दारूचं नाव पण नाही. मी मानेवाड्याकडे मेडिकल स्टोअर चालवते, फार्मसिस्ट आहे, काउंटरवर मीच असते, आणि झोप येत नाही म्हणून जे माझ्यासमोर येऊन उभे राहतात ना, त्यातल्या बऱ्याच जणांचा प्रॉब्लेम दुधाचा ग्लास नसून दुसराच ग्लास असतो. म्हणून लिहून राहिले. पत्र लांबेल, कापायचं असेल तर कापा पण पेगचा हिशोब आणि एकदम सोडण्याबद्दलचं तेवढं कापू नका.

होतं असं की रात्री शटर ओढायच्या टायमाला कोणीतरी येतो, "ताई, एखादी झोपेची गोळी द्या ना, रोज रात्री तीनला डोळे उघडतात, मग सकाळपर्यंत कूस बदलून राहतो." चिठ्ठी नसते. वास असतो. मी विचारते भाऊ, किती घेता? तर म्हणतात, जास्त नाही, झोपेपुरती. झोप येत नाही म्हणून प्यायची आणि पिऊन झोप मोडते म्हणून वरून गोळी मागायची, असं चालू आहे सगळं.

आता त्यांची अर्धी गोष्ट खरी आहे हे आधीच मान्य करते, नाहीतर लोक पुढचं ऐकतच नाहीत. दारूने झोप लवकर लागते, आणि पहिले दोन-तीन तास गाढ पण लागते. मेंदूत गाबा म्हणून शांत करणारं रसायन असतं त्याचा जोर दारू वाढवते, आणि ग्लुटामेट म्हणून जागं ठेवणारं असतं त्याला दाबते. म्हणजे गाडीचा ब्रेक दाबून धरल्यासारखं. पण मेंदू काय गप्प बसतो का, ब्रेक लागून राहिला बघून तो तिकडून ॲक्सिलरेटर वाढवत जातो. मध्यरात्रीनंतर दारू रक्तातून उतरली की ब्रेक सुटतो आणि ॲक्सिलरेटर मात्र तसाच दाबलेला. घाम, छातीत धडधड, तोंड कोरडं, डोळे टक्क उघडे. लोकांना वाटते टेन्शनमुळे जाग आली. टेन्शन असेलही, पण तीनलाच का येते त्याचं गणित दुसरंच आहे.

ते गणित मी काउंटरवर कागदावर करून दाखवते. आपल्याकडची व्हिस्की, रम साधारण 42.8 टक्क्यांची असते, म्हणजे 30 मिलीच्या एका स्मॉल पेगमध्ये जवळपास 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. लिव्हर एका तासात साधारण 7 ते 10 ग्रॅमच संपवते, लिंबू पिळा, ताक प्या, थंड पाण्याने आंघोळ करा, तिचा स्पीड वाढत नाही. दोन लार्ज, म्हणजे 60-60 मिलीचे, घेतले तर 40 ग्रॅम झाले, ते उतरायला चार ते सहा तास. नऊला बसलात तर मोजा, एक ते तीनच्या मधात येते. पव्वा, म्हणजे 180 मिलीची बाटली, घेतला तर 60 ग्रॅम, मग तर सकाळचा अलार्म वाजेपर्यंत अंगात आहे, आणि तसेच गाडीला किक मारून ड्युटीवर जातात. "मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्यांसाठी, 650 मिलीची स्ट्राँग बॉटल 8 टक्क्यांची धरली तर एकात 40 ग्रॅमच्या वरच अल्कोहोल, म्हणजे चार स्मॉल पेग. आणि देशी वाईट, विदेशी चांगली, मोहाची तर औषधीच असं जे बोलतात, आत अल्कोहोल तोच आहे हो, झोपेला लेबल वाचता येत नाही.

बरं तास भरले म्हणजे झोप झाली असंही नाही. झोपेच्या फेऱ्या असतात, एक साधारण दीड तासाची, आणि स्वप्नं पडतात ती रेम झोप सकाळकडे जास्त असते. डोकं ताजं राहणं, शिकलेलं लक्षात राहणं, चिडचिड कमी होणं, यात तिचं मोठं काम आहे. दारू रात्रीच्या पहिल्या भागात हीच रेम दाबून टाकते, मग पहाटे ती उसळून येते, तुटक तुटक, भयानक स्वप्नं घेऊन. म्हणून आठ तास पडून राहिलेला माणूसही सकाळी उठतो तो तोंड पाडूनच, आणि दिवसभर बायकोवर खेकसतो.

लघवीचं पण सांगते, कारण पन्नाशीचे लोक लगेच प्रोस्टेटची भीती घालून घेतात. शरीरात पाणी धरून ठेवणारं एक हार्मोन असतं, दारू त्याला दाबते, म्हणून रात्री चार चकरा होतात आणि सकाळी जीभ टाळूला चिकटलेली. प्रोस्टेट तपासा, जरूर तपासा, पण डॉक्टरला रात्रीच्या दोन बाटल्या पण सांगा ना.

घोरण्याची तक्रार घेऊन तर बायकाच येतात. दारूने घशाचे स्नायू ढिले पडतात, श्वासाची नळी अरुंद होते, ज्याला आधीच स्लीप ॲप्निया आहे त्याचा श्वास मधातच थांबतो, दहा-दहा सेकंद आणि कधी त्याच्याही वर, मग गचका देऊन सुरू होतो. जाड मान, पोट सुटलेलं, बीपी, आणि रोजचे दोन पेग, असा माणूस घरात असेल तर त्याच्या बायकोला विचारा, ती पण रात्रभर जागीच असते, तिची झोप कोणाच्या हिशोबात नाही.

आपल्या नागपूरचा आणखी एक वेगळा प्रकार आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, रात्रीपण भिंती गरम, कूलर नुसता भिरभिर करतो, आणि लोक म्हणतात चिल्ड बिअर घेतली की बरं वाटते. तेवढ्यापुरतं वाटते. झोप लागायला शरीर आतून थोडं थंड व्हावं लागते, इथे खोलीच तापलेली, वरून दारूने पाणी कमी झालेलं आणि घाम सुटलेला, मग कुठली झोप. थंडीत उलटं, अधिवेशनाच्या दिवसांत पारा पडला की रम गरम करते म्हणतात. चामडी गरम लागते फक्त, आतली गरमी उलट बाहेर जाते. आणि पार्टीनंतर अकरा वाजता सावजी! मला सावजी आवडतं, गैरसमज नको, पण पोटात तिखट तेलकट रस्सा, वरून दारूने अन्ननलिकेच्या तोंडाची झडप ढिली झालेली, आणि असं लगेच आडवं झालं की ॲसिड वर येणारच. सोमवारी सकाळी माझ्याकडे ॲसिडिटीच्या गोळ्यांची स्ट्रिप किती जाते ते मलाच माहीत.

हिंगणा, बुटीबोरी एमआयडीसीची नाइट करून सकाळी घरी येणारे काही जण तर सकाळीच दोन पेग मारून झोपतात. दिवसाची झोप आधीच उथळ, त्यात ही. त्यांच्यावर मला राग येत नाही, बारा तास उभं राहून आलेला माणूस आहे, पण झोप त्याने अजूनच कमी होते हे त्यांना कोणी सांगतच नाही.

आता ज्याच्यासाठी खरं हे पत्र लिहायला बसले ते. शुगरची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणारा माणूस रात्री दारू पिऊन, नीट न जेवता झोपला तर मध्यरात्रीनंतर साखर खाली जाऊ शकते, कारण लिव्हर दारूच्या मागे लागलेली असते आणि नवीन साखर बनवण्याचं तिचं काम मागे पडते. घाम, थरथर, बडबड, घरच्यांना वाटते चढली आहे, झोपू द्या. झोपू देऊ नका, साखर तपासा. शुद्धीत असेल, गिळता येत असेल तर साखर-पाणी द्या, नसेल तर तोंडात काही न घालता सरळ दवाखान्यात न्या.

आणि दुसरं, झोपेच्या गोळ्या. अल्प्राझोलम, डायझेपाम, झोल्पिडेम ह्या शेड्यूल एच-वन मधल्या, म्हणजे कडक नियम असलेल्या औषधांच्या सरकारी यादीतल्या, 2014 पासून मला त्याचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागते, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिल्या, सगळं, तीन वर्षं जपून. लोक म्हणतात ताई एक गोळी मागतो तर कायले एवढी पोलीसगिरी. त्याचं कारण रजिस्टर नाही भाऊ, कारण हे की गोळी पण मेंदूत त्याच जागी काम करते जिथे दारू करते, दोन्ही एकत्र झाल्या की श्वास मंदावतो, आणि झोपेत उलटी श्वासनळीत जाऊन माणूस गुदमरू शकतो. सर्दीची, ॲलर्जीची सुस्ती आणणारी गोळी मागणारे हुशार पण आहेत, चिठ्ठी लागत नाही असं समजून मागतात. दारूवर ती पण नाही.

मग सोडली की काय होते? इथे लोक फसतात. पहिल्या काही रात्री झोप बिघडते. तो वाढवून ठेवलेला ॲक्सिलरेटर लगेच खाली येत नाही, स्वप्नं तर इतकी पडतात की माणूस घाबरून उठतो, इतके दिवस दाबलेली रेम झोप आपला हिशोब चुकता करत असते. आणि माणूस म्हणतो, पाहा, सोडली तर झोपच गेली, म्हणजे मला तिचीच गरज होती. तिथूनच परत बार. खरं म्हणजे हेच दिवस काढायचे असतात. अधूनमधून किंवा थोडी घेणाऱ्याला काही रात्रीत, फार तर एक-दोन आठवड्यात फरक कळतो, वर्षानुवर्षं रोज घेणाऱ्याला महिने लागू शकतात, झोप हळूहळू सुधारते, एका रात्रीत नाही, हे आधीच माहीत असलं तर माणूस टिकतो.

पण रोज भरपूर पिणाऱ्याने, सकाळी हात थरथरतात अशाने, पेपरात वाचलं म्हणून उद्यापासून एकदम बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-चार दिवसांत भ्रम होऊन माणूस भलतंच बोलायला, बघायला लागतो, जीवावर बेतते. डॉक्टर काही दिवस कमी कमी करत जाणारी औषधं देतात, बी-वन व्हिटॅमिन देतात, ते त्यांच्या नजरेखालीच. मेडिकलच्या, म्हणजे आपल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या, मानसोपचार ओपीडीत जा, नाहीतर आधी फोन करा, टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन 14416, व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446. माझ्याकडे एक ट्रान्सपोर्टमधले काका येतात, त्यांना मी असंच मेडिकलला पाठवलं होतं, कुरकुर करत गेले. नंतर कधीतरी बीपीची गोळी न्यायला आले तर म्हणाले, ताई, अलार्मच्या आधी उठून राहिलो. त्यांची बायको सोबत होती, ती म्हणाली, आता मलाच झोप येत नाही, घोरणं बंद झालं ना, मी उठून उठून बघते श्वास चालू आहे की नाही!

हे सगळं वाचून कोणी म्हणेल मग एक पेग पण नको का? संध्याकाळी सातला जेवणाबरोबर एक स्मॉल आणि रात्री अकराला पव्वा ह्यात फरक आहेच, जितकी जास्त आणि जितकी झोपेच्या जवळ तितकी झोप खराब. बायकांच्या शरीरात पाणी कमी असल्याने तेवढ्याच दारूत त्यांना जास्त चढते, हे पण धरा, कारण माझ्याकडे आता पार्टीवाल्या मुली पण गोळी मागायला येतात. पण झोपेचं औषध म्हणून एक थेंबही नाही, एवढं मी काउंटरवर सगळ्यांना सांगते.

माझ्या विनंत्या दोन आहेत. एक तुमच्याकडे, झोपेवर परत पान काढाल तेव्हा एक चौकट दारूची द्या, बाटलीवर आरोग्यास हानिकारक आणि पिऊन गाडी चालवू नका एवढंच लिहिलेलं असते, झोपेचं कुठेच नाही. दुसरी आपल्या शहरातल्या डॉक्टर लोकांकडे, कोणी झोप येत नाही म्हणून आला तर गोळी लिहायच्या आधी रात्री किती आणि किती वाजता घेता हे विचारा, बायको बाहेर बसली असताना विचारा म्हणजे खरं सांगतील, कारण चिठ्ठी शेवटी माझ्याच हातात येते, वास पण मलाच येतो, आणि तेव्हा त्या चिठ्ठीचं मी काय करायचं ते मला कोणी शिकवलेलं नाही. मग मी डॉक्टरला फोन लावते, तो उचलत नाही, आणि समोरचा चिडतो.

पत्राखाली माझं नाव छापू नका, दुकानाचं पण नको. उद्या हेच लोक काउंटरवर येणार आहेत, आणि आता कुठे ते मला किती घेतो ते खरं सांगायला लागले आहेत.

आपली,
एक औषधविक्रेती, मानेवाडा, नागपूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)