परिषदेला पाठवलं, आणि खाडा लावला! मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

आपलं नाव घातलेलं नाही, राग मानू नये. आमचं काम संकटात मदत मागणारे फोन उचलण्याचं; ते कुणाच्या खात्यात बसतं हे ठरवता ठरवताच पहिला कागद वाया गेला. कुठल्याही मदतीचा ११२ गृह खात्याचा, रुग्णवाहिकेचा १०८ सार्वजनिक आरोग्याचा, आपत्तीचा १०७७ जिल्हाधिकारी कार्यालयाचा, आगीचा १०१ नगरपालिकेचा आणि हायवेवरचा १०३३ थेट केंद्राचा. मी खान्देशातल्या एका नियंत्रण कक्षात रात्रपाळीला फोन उचलते, तेही ठेकेदारामार्फत. ज्या मंत्र्यांना हे पत्र आपलं वाटेल त्यांनी ते आपलं समजावं.

निमित्त आहे माझ्या प्रवासखर्चाच्या बिलावर याच आठवड्यात हातात पडलेलं उत्तर. कॉल घेणाऱ्यांसाठी पुण्याला प्रशिक्षण परिषद झाली. तिला जाण्याचा लेखी आदेश होता. ‘प्रवासखर्चाची काळजी करू नका, शासन तुमच्या पाठीशी आहे,’ असं तुमच्याच एका सहकाऱ्यांनी व्यासपीठावरून सांगितलं होतं आणि त्यावर टाळ्याही घेतल्या होत्या. आता बिल परत आलंय. कंत्राटी कर्मचाऱ्यास प्रवासभत्ता देय नाही. त्याखाली आणखी एक ओळ : परिषदेच्या कालावधीत कक्षात गैरहजर, सबब मानधन कपात. म्हणजे जा म्हणणारे हेच, आणि गेले म्हणून खाडा लावणारेही हेच. शासन पाठीशी आहे ते असं!

महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात दाराशी बसून गेले होते. लेक सासूबाईंकडे ठेवली होती, तिच्या अंगात ताप होता. उद्घाटन सकाळी दहाचं, पाहुणे आले बारा वाजून गेल्यावर. मग दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, आणि ‘अत्याधुनिक’ कक्षाची संगीतासकट फिल्म. फिल्ममधल्या मुलींच्या कानाला नवे कोरे हेडसेट होते. माझ्या हेडसेटचा फोम कधीच गेलाय, मी कापूस लावून चालवते. ज्यासाठी आलो ते सत्र शेवटी जेवणाच्या आधी कसंबसं उरकलं.

पण ते सत्र सोन्यासारखं होतं, हे खोटं बोलणार नाही. शिकवणाऱ्या बाईंनी १९३५ सालची लंडनची आग सांगितली. विम्पोल स्ट्रीटवर घर पेटलेलं, शेजाऱ्याने फोन लावला, तर टेलिफोन एक्स्चेंजने त्याला रांगेत ठेवलं. पाच बायका गेल्या. तो माणूस चिडला, त्याने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, चौकशी बसली आणि १९३७ मध्ये ९९९ हा नंबर सुरू झाला. एका नागरिकाच्या पत्रातून! (म्हणूनच मीही लिहायला बसले. आमच्याकडे पत्रातून फारतर आवक क्रमांक निघतो.) मग अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या एका डॉक्टरची गोष्ट. जेफ क्लॉसन. गाडी पोचेपर्यंत फोनवरूनच काय करून घ्यायचं, याची कार्डं त्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस तयार केली.

नंतर आम्हाला जोडीजोडीने पाठीला पाठ लावून बसवलं. एकीने नुसतं तोंडाने सांगायचं, दुसरीने सरावाच्या पुतळ्यावर करायचं. माणूस शुद्धीवर नाही, श्वास नीट चालत नाही, तर छातीच्या मधोमध तळहात ठेव, त्यावर दुसरा हात. पाच सेंटिमीटर दाब, मिनिटाला १०० ते १२०, थांबू नको. माझ्याबरोबर मोठ्याने मोज. हे करताना कळलं, इतकी वर्षं आपण फक्त ‘पत्ता सांगा, गाडी पाठवतो’ एवढंच म्हणत आलो.

परत आल्यावर मी पुठ्ठ्याची कार्डं केली. छाती दाबण्याचं एक. सर्पदंशाचं एक : आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका, चावलेला हात-पाय हलवू नका, सरकारी दवाखाना गाठा. आपल्याकडे कपाशीत पाय टाकला की हाच फोन असतो. उन्हाचं एक, कारण मे महिन्यात भुसावळ-जळगाव काय असतं ते तुम्ही एसी गाडीतून पाहिलंच असेल. मराठीत लिहिलं, खाली अहिराणीत. साहेबांनी ती काढायला लावली. मजकूर मंजूर नाही म्हणे.

त्यानंतर एका रात्री फोन आला. ‘ताई, मनी माय बोली नही ऱ्हायनी.’ (माझी आई बोलत नाहीये.) मी अहिराणीतूनच सांगत गेले, तो दाबत गेला, आम्ही दोघं मोजत गेलो. गाडी पोचली, फोन कटला. पुढे काय झालं ते आम्हाला कुणी कळवत नाही, तशी पद्धतच नाही. कळवलं गेलं ते एवढंच, की रेकॉर्डिंगमध्ये विहित प्रश्नावली सोडून संभाषण आढळलं, खुलासा सादर करावा. पाणी प्यायला उठायच्या आत पुढचा फोन वाजतो, साहेब. झोप तर दिवसाही लागत नाही. परिषदेत ‘मानसिक आरोग्य’ हे सत्र होतं. वेळेअभावी रद्द झालं.

बरं, बाकीची यंत्रणा तरी कशी? २०१४ मध्ये १०८ सुरू झाली तेव्हा साऱ्या राज्याला ९३७ गाड्या. २०११ च्या जनगणनेने भागा : सव्वा लाखाच्या आसपास माणसांमागे एक. लोकसंख्या काय तेव्हापासून थांबलीय? खान्देशातले तीन जिल्हे मिळून आम्ही तेव्हाच ऐंशी लाखांच्या घरात होतो. नंदुरबारमधल्या अक्राणीच्या डोंगरातल्या पाड्यांवरून बाळंतिणीला अजून झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणतात. आणि तुमचं सॉफ्टवेअर मला विचारतं, ‘घर क्रमांक?’ २०२३ च्या जुलैत धुळे जिल्ह्यात पळासनेरला हायवेवरचा कंटेनर हॉटेलात घुसला. २०२५ च्या जानेवारीत जळगाव जिल्ह्यात परधाड्याजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आगीची अफवा उठली, लोकांनी रुळांवर उड्या टाकल्या आणि कर्नाटक एक्स्प्रेसखाली बारा-तेरा माणसं गेली. दोन्ही वेळा मदत जाहीर झाली, दौरे झाले. लखनौहून मुंबईला निघालेल्या माणसाला आपण परधाड्याजवळ आहोत हे ठाऊक असणार का? त्याच्याकडून ठिकाण कसं काढून घ्यायचं, हे फोन उचलणारीला कोण शिकवणार? त्याचं टेंडर निघत नाही ना! गाडीचं निघतं, स्क्रीनचं निघतं, उद्घाटनाच्या मांडवाचंही निघतं.

मागणी फार नाही. खाडा काढा. बिल द्या, त्यात चहासुद्धा धरलेला नाही. एखाद्या डॉक्टरांकडून तपासून घेऊन कार्डं मंजूर करा, अहिराणी, पावरी, भिलीसकट. आणि पुढच्या वेळी पाहुणे कमी बोलवा, पुतळे जास्त आणा.

बिलाची प्रत आणि जाण्याचा आदेश सोबत जोडला आहे. उत्तर लेखी द्यावे. कक्षात फोन करू नये, लाइन अडकते.

आपली,
रात्रपाळीची एक ऑपरेटर, खान्देश