सीलिंगच्या आधी गच्ची तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जिल्हाधिकारी कार्यालय, कोषागार, दुय्यम निबंधक, भूमी अभिलेख, तहसील अशी कार्यालये एकाच आवारात असलेली जुनी संकुले राज्यात ठिकठिकाणी आहेत आणि दर काही वर्षांनी त्यांचे नूतनीकरण निघते. अंदाजपत्रकात व्हिट्रिफाइड फरशी, फॉल्स सीलिंग, दर्शनी भागाला एसीपी (ॲल्युमिनियमचे पत्रे), दालनांत एसी या बाबी ठळक असतात. इमारत कशामुळे बिघडली हे शोधण्याची बाब बहुधा नसते, असली तर नावापुरती. मग दोन पावसाळ्यांत नव्या सीलिंगवर पिवळे डाग उमटतात आणि पुन्हा निधी मागावा लागतो. आमची मागणी एकच आहे: आधी तपासणी, मग अंदाजपत्रक.

सुरुवात गच्चीपासून व्हायला हवी. गळती लागली की जुन्या कोब्यावर नवा कोबा टाकून मोकळे व्हायचे, ही पद्धत सर्रास चालते. जुना कोबा फोडला तर मलबा उतरवावा लागतो, खालचे कार्यालय हलवावे लागते, म्हणून हा सोपा मार्ग. पण ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा सरासरी 100 ते 115 मिमी जाड असतो आणि त्याचे वजन चौरस मीटरला साधारण 200 किलो भरते. 500 चौ.मी. गच्चीवर एक जादा थर म्हणजे 100 टन. वावर असलेल्या गच्चीवर माणसांचा म्हणून आयएस 875 या भारांच्या भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला सुमारे 150 किलो आहे. एका फाजील थराने त्याहून जास्त ओझे स्लॅबवर कायमचे बसते. शिवाय दोन थरांमध्ये शिरलेले पाणी आडवे पसरते आणि भेगेपासून चार-पाच मीटर दूर, भलत्याच खोलीत ठिबकते. मग तिथल्याच छताला रसायन फासले जाते, आणि मूळ भेग तशीच राहते.

जुने सगळे थर स्लॅबपर्यंत काढलेच पाहिजेत. स्लॅब उघडा पडला की भेगा आणि गंजलेल्या सळया दिसतात. त्यांची दुरुस्ती, ग्राउटिंग (भेगांत पातळ सिमेंट भरणे), मग नवा कोबा. उतार किमान 1:100. कठड्याच्या कोपऱ्यात 300 मिमी उंचीपर्यंत गोलसर वाटा (कोपरा बुजवणारी गोलाई). त्यानंतर पाणी तुंबवून सात दिवस ठेवायचे आणि खालच्या प्रत्येक खोलीचे छत रोज पाहायचे. पाइपांची संख्याही मोजावी. तासाला 100 मिमी पाऊस धरला तर 100 मिमी व्यासाचा एक पाइप साधारण 85 चौ.मी. गच्चीचे पाणी नेतो, म्हणजे 500 चौ.मी.ला सहा पाइप लागतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर सरी याहून जोरदार येतात, तिथे हा हिशेबही पुरत नाही.

‘स्ट्रक्चरल ऑडिट झाले’ या वाक्यावर समाधान मानू नये; काय तपासले ते विचारावे. नुसता रिबाउंड हॅमर मारून दिलेला अहवाल जुन्या इमारतीत फसवतो. तो हातोडा पृष्ठभागाचा कठीणपणा मोजतो, आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे कार्बोनेशन झालेले, म्हणजे सळईला जपणारी अल्कता गमावलेले काँक्रीट वरून अधिकच कठीण लागते. म्हणजे आतली सळई धोक्यात असताना आकडा चांगला येतो. खात्रीची चाचणी अगदी साधी आहे. काँक्रीटचा ताजा तुकडा फोडायचा आणि तिथे फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण फवारायचे. निरोगी काँक्रीट गुलाबी होते, कार्बोनेशन झालेला भाग रंग घेत नाही. बिनरंगी पट्टा सळईपर्यंत पोचला असेल तर तिचे संरक्षण संपले आहे. सोबत अल्ट्रासोनिक चाचणी, सळई गंजण्याची शक्यता सांगणारी हाफ-सेल चाचणी करावी आणि शंका असेल तिथे कोअर (काँक्रीटचे कापून काढलेले नमुने) घ्यावेत. स्वच्छतागृहाला लागून असलेले खांब आणि तुळया आधी तपासाव्यात. ओल तिथे वर्षभर असते.

दुरुस्ती करताना पोपडे काढून वरून पॉलिमर मॉर्टर थापणे पुरत नाही. सळईच्या मागे निदान 20 मिमी मोकळी जागा होईपर्यंत खोदायचे, गंज पूर्ण घासायचा, मग मॉर्टर किंवा मायक्रोकाँक्रीट. आणि एवढ्याच तुकड्यावर थांबले तर त्याच्या कडेच्या जुन्या काँक्रीटमधली सळई अधिक वेगाने गंजू लागते. म्हणून डागाचे नव्हे, पूर्ण तुळईचे मोजमाप धरावे.

चुन्यात बांधलेल्या दगडी इमारती असतील तर त्यांना सिमेंटचा गिलावा आणि प्लॅस्टिक पेंट देऊ नये. भिंतीतली ओल कोंडते आणि दगड सोलतो. गिलावा चुन्याचाच हवा.

अभिलेख कक्षाचा विचार वेगळा करावा लागतो. 2023 पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जुन्या रुमालांतले (कापडात बांधलेल्या दप्तरांतले) मोडी कागद किती मोलाचे आहेत हे सगळ्यांनी पाहिले. हे रुमाल आता कॉम्पॅक्टरमध्ये (रुळांवर सरकून एकमेकांना चिकटणाऱ्या मांडण्यांत) ठेवले जातात, आणि ते योग्यच आहे. पण भार कोणी मोजत नाही. दाटीने लावलेले कागद एका धावत्या मीटरला 40 किलो धरले, सहा कप्पे आणि 40 सेंमी खोली असेल, तर मांडणीखाली चौरस मीटरला 600 किलो येतात. साध्या मांडण्यांत मधल्या वाटांमुळे सरासरी निम्मी होते, कॉम्पॅक्टरमध्ये त्या वाटाच उरत नाहीत. कार्यालयाचा मजला 250 ते 400 किलोसाठी असतो, अभिलेख कक्षाचा सुमारे 500. म्हणून कॉम्पॅक्टर तळमजल्यावर, पुराच्या पातळीच्या वर, आणि डोक्यावर स्वच्छतागृह नसलेल्या खोलीत हवा.

आगीचे तर सांगायलाच नको. 21 जून 2012 ला मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वर पसरली, माणसे दगावली आणि फायलींची राख झाली. सीलिंगच्या पोकळीत जुन्या वायरी तशाच ठेवून नवे एसी जोडणे आता तरी थांबायला हवे. दीड टनाच्या प्रत्येक एसीला स्वतंत्र 4 चौ.मिमी तांब्याची वायर आणि स्वतंत्र एमसीबी द्यावी, मुख्य केबलचा भार नव्याने काढावा आणि धूरशोधक सीलिंगच्या वरही बसवावेत. 2006 च्या राज्य अग्निसुरक्षा कायद्यानुसार जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचे, अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र दर्शनी भागात लावले तर नागरिकांनाही ते वाचता येईल.

दिव्यांगांसाठीचा रॅम्प हा शेवटी उरलेल्या जागेत बसवला जातो आणि तिथेच बिघडतो. जोते (जमिनीपासून तळमजल्याची उंची) 900 मिमी असेल तर 1:12 उताराने 10.8 मीटर लांबी लागते, शिवाय मध्ये आणि दोन्ही टोकांना 1.5 मीटरचे सपाट टप्पे. पायऱ्यांशेजारी पाच मीटर जागा आहे म्हणून तेवढ्यात केलेला रॅम्प 1:6 च्या आसपास जातो. त्यावर चाकाची खुर्ची स्वतः ढकलता येत नाही, उतरताना ती पुढे कलंडते. जागा नसेल तर बाजूच्या दारापर्यंत आवाराची पातळीच हळूहळू उचलावी. रॅम्पवर पॉलिश ग्रॅनाइट नको, ज्वाळेने खरखरीत केलेले फ्लेम फिनिश हवे. कठडे 760 आणि 900 मिमी अशा दोन उंचींवर. स्वच्छतागृहाचे दार 900 मिमी मोकळे आणि बाहेर उघडणारे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारतींना दिलेली पाच वर्षांची मुदत जून 2022 मध्येच संपली, आणि सुलभतेचे किमान निकष बंधनकारक करा, असे सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 ला बजावले आहे.

सार्वजनिक बांधकाम विभागाला आणि जिल्हा नियोजन समितीला विनंती आहे की, तपासणी अहवाल, भारांचा हिशेब आणि गच्चीचे थर उघडून पाहून काढलेला नकाशा जोडल्याशिवाय तांत्रिक मान्यता देऊ नये. गच्चीचे काम ऑक्टोबरमध्ये सुरू होईल अशा बेताने कार्यारंभ आदेश निघावा. मार्चअखेरच्या घाईत निघालेल्या आदेशाचा कोबा पावसाच्या तोंडावर पडतो आणि पाणी-चाचणी राहून जाते. या चाचणीच्या तारखा मोजमाप पुस्तिकेत नोंदवाव्यात आणि जलरोधनाच्या बाबीची अनामत दोन पूर्ण पावसाळे उलटल्यावरच परत करावी.

आपले,
सरकारी इमारतींच्या दुरुस्तीचे काम करणारे स्थापत्य अभियंते