दिवे गेले की आता फोनही जातो

महोदय,

श्रीवर्धनच्या बाजारात आमचं औषधांचं दुकान आहे. सासऱ्यांनी १९८९ साली घेतलेला फोन गेल्या वर्षापर्यंत तांब्याच्या तारेवरच होता. पावसाळा लागला की खरखर सुरू. खारा वारा आणि पाणी तारेचे जोड खातात. लाइनमन जोड उघडून दाखवायचा, आत तांबं हिरवंगार. नवा जोड मारायचा, वर प्लास्टिकची पिशवी बांधायची, पुढच्या मोठ्या सरीला पुन्हा तेच. घाऊक व्यापाऱ्याला ऑर्डर सांगताना प्रत्येक नाव तीनदा उच्चारावं लागे. औषधांत ५०० चं २५० ऐकू गेलेलं चालत नाही.

म्हणून फायबर घेतलं. नंबर तोच राहिला, आवाज स्वच्छ झाला. काचेच्या तंतूला गंज चढत नाही. तांब्याकडे परत चला, असं मी म्हणणार नाही.

पण जोडणाऱ्याने एक गोष्ट सांगितली नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. जुन्या फोनला वीज त्याच तारेतून, एक्सचेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवरून यायची. दुकानात काळोख असला तरी फोन वाजायचा. फायबरची पेटी मात्र आपल्या घरच्या विजेवर चालते. जुलैत एका रात्री दिवे गेले. इन्सुलिनचा फ्रिज इन्व्हर्टरवर सुरू होता, पेटीचा प्लग होता दुसऱ्याच बोर्डावर. जीवना बंदराकडच्या एक आजी दम्याच्या पंपासाठी तासभर आमचा नंबर फिरवत होत्या. त्यांचा फोन अजून तांब्यावरचा, म्हणून चालू; मुका होता तो आमचा. शेवटी नातू भर पावसात चालत आला. त्याचे ओले कपडे आणि घाबरलेला चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा रोठा सुपारीच्या बागा झोपल्या, विजेचे खांब आडवे झाले. त्या दिवशी तांब्याची तारही टिकली नाही. पण दर पावसाळ्यात चार-चार तास दिवे जातात, तेव्हा ती उपयोगी पडायची.

फोन कंपन्यांना माझी विनंती आहे. जोडणी करताना इन्व्हर्टरचा बोर्ड कोणता, एवढं तरी विचारा. इन्व्हर्टर नसेल तिथे पेटीसोबत छोटी बॅटरी वाजवी दरात द्या. १२ व्होल्टची पेटी तिच्यावर काही तास सहज चालते. दवाखाने, औषधांची दुकानं, मच्छीमार सोसायट्या आणि एकटी राहणारी म्हातारी माणसं यांना ती आधी मिळावी. दिवे गेले की हा फोन बंद पडेल, हे अर्जावर मराठीत, ठळक अक्षरांत छापा. आणि हे होईपर्यंत जुनी तार काढू नका.

आमची पेटी आता इन्व्हर्टरवर आहे. आजींची तार पुढच्या महिन्यात बदलणार, असं नातू सांगत होता. त्यांच्या घरी इन्व्हर्टर नाही.

— एक औषधविक्रेती, श्रीवर्धन, जि. रायगड