मंत्रिमहोदय, थोडी वाकनिशी करा

प्रति,
माननीय मंत्री, सांस्कृतिक कार्य विभाग,
महाराष्ट्र राज्य

सा. न. वि. वि.

आपल्या पदाचं जुनं नाव ‘वाकनीस’. 1674 साली राज्याभिषेकाच्या सुमारास फारसी पदनामं बदलली, तेव्हा वाकनिसाचा मंत्री झाला. राजाच्या रोजच्या घडामोडी टिपून ठेवणं हे त्याचं काम. पुढे नाव टिकलं, काम गेलं. त्या गेलेल्या कामासाठीच हे पत्र.

माझ्या मोबाइलमध्ये एक पोतनीस आहेत, एक पारसनीस आणि एक शिकलगार. पहिल्यांचे पूर्वज खजिन्याची रोकड सांभाळत, दुसऱ्यांचे फारसी पत्रव्यवहार, तिसऱ्यांचे तलवारींना धार आणि झिलई देत. (पोतनीस योगायोगाने बँकेतच आहेत.) त्यातल्या लेखणीवाल्यांचं बरं आहे. ते काय करत, हे मोडी दफ्तरांत त्यांनीच लिहून ठेवलंय. दफ्तर वाचणारे कमी झाले, हे दुखणं वेगळं. कागद तरी शाबूत आहे. ज्यांनी हाताने कामं केली, त्यांनी मात्र एक ओळ लिहिली नाही. त्यांची विद्या हातात होती. हात गेला की ती गेली.

गेल्या महिन्यात घरची दोन पातेली घेऊन एका कल्हईवाल्याकडे गेलो होतो. सत्तरी ओलांडलेला माणूस. जमिनीत वीतभर खड्डा, त्यात कोळसे, बाजूला चामड्याचा भाता. पातेलं तापलं तशी त्याने नवसागराची चिमूट टाकली, पांढऱ्या धुराने माझे डोळे चुरचुरले, आणि कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने तो सरसर हात फिरवत गेला. काळवंडलेलं पितळ डोळ्यांदेखत चांदीसारखं झालं. मग पाण्यात चर्र! कथील 232 अंशांना वितळतं, हे पुस्तकात सापडतं. ‘‘आता टेकवायची’’ हे कशावरून कळतं, असं त्याला विचारलं, तर म्हणाला, ‘‘भांडं सांगतं.’’ हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं, पण भांडं काय सांगतं ते मला लिहिता आलं नाही. त्याचा मुलगा रिक्षा चालवतो आणि त्यात काही चूक नाही.

गैरसमज नको. बलुतेदारीचे सोनेरी दिवस परत आणा, असं मी म्हणत नाही. त्या गावगाड्यात वेस राखणारे येसकर आणि सांगावे पोचवणारे तराळ यांच्या वाट्याला काय आलं, ते ठाऊक आहे. डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कौन्सिलात वतनांच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं, ते उगाच नव्हे. 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गाववतनं गेली, उत्तम झालं. जन्माने गळ्यात पडलेला धंदा सुटायलाच हवा. मात्र धंदा सुटणं निराळं आणि त्यातली जाण मातीमोल होणं निराळं.

‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ हे भाषणांतलं लाडकं वाक्य. माझ्या पुतण्याला वाटलं, पाण्याची टाकी! छिन्नीने जात्याला टाकी लावणारे दारावर येत नाहीत, मग त्याला दुसरी कुठली ठाऊक असणार? तसंच ‘कळकणं’. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकतं, म्हणजे धातूमुळे बिघडतं, हे क्रियापद आता कुणाच्या तोंडी आहे? ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. भाषेचे हे असे शब्द या धंद्यांच्या पोटात आहेत.

कारागिरांना कर्ज वगैरे देणारी केंद्राची विश्वकर्मा योजना 2023 पासून आहे. तीत 18 व्यवसाय आहेत. लोहार, कुंभार, चांभार, शिंपी आहेत, कल्हईवाला नाही. असता तरी सत्तरीच्या माणसाने कर्ज काढून काय करावं?

मागणं छोटं आहे. पुतळा नको, महोत्सव तर नकोच. जिल्ह्याजिल्ह्यांत दोन-दोन माणसं नेमा, एक बोलीभाषेची जाणकार आणि एक कॅमेरावाली. तांबट, पिंजारी, टाकीवाले, शिकलगार, चित्रकथी, जे कुणी हयात आहेत त्यांच्यासमोर बसून काम पहिल्यापासून शेवटपर्यंत चित्रित करा. प्रत्येक हत्याराचं नाव त्यांच्याच उच्चारात घ्या, आणि त्या दिवसाची मजुरी त्यांना द्या. ती द्यायला विसरू नका, कारण शासकीय कामांत नेमकं तेच राहतं.

माझी पातेली घेऊन निघताना त्या कल्हईवाल्याने भाता दाखवला. चामडं दोन ठिकाणी शिवलेलं. शिवणारा गेला, म्हणाला, आता तिसरं भोक पडलं की बंद. माणसं केव्हा पाठवता, तेवढं कळवा.

आपला,
एक मोडी वाचक