बार्ट अजून दहाच वर्षांचा!

'द सिम्पसन्स' ही अमेरिकी कार्टून मालिका डिसेंबर १९८९ मध्ये सुरू झाली आणि ७५० हून जास्त भाग होऊनही चालूच आहे. मी कॉलेजात असताना ती केबलवर पाहायचो. आता माझा मुलगा मोबाइलवर तेच भाग पाहून खिदळतो. मालिकेतल्या सिम्पसन कुटुंबातला मुलगा बार्ट मात्र दहाचाच, त्याची बहीण लिसा आठची. वय न वाढणं ही चित्रांची सोय झाली. खरी गंमत त्यांच्या बाबांची, होमरची. अणुवीज केंद्रात सुरक्षा निरीक्षक, आणि डुलक्या काढण्यात पटाईत! डोनट दिसला की सगळं विसरणारा. डोनटच्या जागी वडापाव द्या, हा गृहस्थ कुठल्याही ठाणे लोकलमध्ये चौथ्या सीटवर अंग चोरून बसलेला सापडेल.

दुकानदार अपूचा 'भारतीय' उच्चार मात्र मला कायम खटकला. त्याला आवाज देणारे अमेरिकी अभिनेते हँक अझारिया यांनी २०२० मध्ये ते काम सोडलं. उशिराच, पण सोडलं.

आपल्याकडे कार्टून म्हणजे पोरांचा खेळ, हे डोक्यातून जात नाही. वरळी सी फेसवर आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' उभा आहे, त्याचंही वय वाढत नाही. मग मोठ्यांसाठी एखादी मराठी कार्टून मालिका का नसावी?

– एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई